न शिकवलेली कमांड

एक लहानसा यंत्रमानव तुमच्या पुढ्यात उभा आहे असं धरा. त्याला हात लावायचा नाही. तुम्ही शब्द टाईप करायचे आणि त्याने हलायचं. तुम्हाला एकच गोष्ट सांगितलेली आहे: त्याला पुढे न्यायचं असेल तर ‘ॲडव्हान्स’ लिहायचं. आता त्याला मागे आणायचं आहे. घाई करू नका. मनात कोणता शब्द येतो तेवढंच पाहा.

बहुधा ‘रिट्रीट’ आला असेल. आता पाटी कोरी करा. यंत्रमानव तोच, पण या वेळी पुढे नेण्याची कमांड आहे ‘गो’. मागे आणण्याची कोणती? ‘कम’? ‘रिटर्न’? ‘गो बॅक’? मन एका जागी ठरत नाही. खरं उत्तर होतं नुसतं ‘बॅक’. ते चूक नाही, पण ते आपोआप सुचत नाही. सांगितल्यावर लक्षात ठेवावं लागतं.

आणखी एकदा. पुढे नेण्यासाठी ‘मूव्ह रोबॉट फॉरवर्ड’. मागे आणण्याची कमांड आता तुम्ही डोळे मिटूनही सांगाल. आणि समजा उत्तर निघालं ‘चेंज रोबॉट बॅकवर्ड’. ते वाचताना आत काय झालं, ते बघा.

जॉन कॅरल या संशोधकाने अमेरिकेत आयबीएममध्ये अशाच कमांड-भाषा लोकांना शिकायला दिल्या आणि १९८२ साली त्यावर लिहिलं. जिथे उलट कृतीचा शब्दही नेमका उलट होता, त्या भाषा लोकांना सोप्या गेल्या. निष्कर्षात धक्कादायक काही नाही. मला मोलाचा वाटतो तो ‘चेंज रोबॉट बॅकवर्ड’ वाचताना लागलेला हलका हिसका. त्याच्यापाशी थोडं थांबू या.

हिसका लागला म्हणजे काहीतरी मोडलं. पण काय मोडलं? सगळ्या कमांड ‘मूव्ह’ने सुरू होतील असं तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात तसा नियम नव्हता. तुम्ही एकच उदाहरण पाहिलं होतं. तरीही तेवढ्यातून तुमच्या मनाने एक नियम घडवला, तो खरा मानला आणि त्याच्या भरवशावर पुढची कमांड बनवूनही ठेवली. हे सगळं तुमच्या नकळत झालं. नियम मोडला तेव्हा कुठे कळलं की तो होता.

तीन वर्षांचं मूल ‘मी करलं’ म्हणतं, तेव्हाही हेच घडत असतं. घरात कोणीच ‘करलं’ म्हणत नाही. पण ‘बसलं’, ‘धरलं’, ‘भरलं’ ऐकता ऐकता मुलाने नियम स्वतः काढलेला असतो आणि तो ‘करणे’लाही लावलेला असतो. जीन बर्को यांनी १९५८ साली इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना ‘वग’ नावाचा एक काल्पनिक प्राणी दाखवला. असे दोन असतील तर काय म्हणाल, असं विचारल्यावर मुलांनी कधीही न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन बिनचूक केलं. आपण मोठे झालो तरी मनाचं हे काम थांबत नाही. कीबोर्डसमोर बसलेला माणूसही तेच करत असतो.

म्हणून एखादी कमांड-भाषा सुसंगत आहे की नाही, हे नुसती तिची यादी पाहून ठरवता येत नाही. यादी कागदावर असते, सुसंगती वापरणाऱ्याच्या मनात. त्याने दोन-तीन उदाहरणांवरून कोणता नियम काढला आणि पुढच्या कमांडने तो पाळला की मोडला, यावर सगळं अवलंबून आहे.

हे ओळखायला संशोधकांनाही वेळ लागला. आयबीएममधल्याच फिलिस राइस्नर यांनी १९८१ मध्ये एक सुंदर कल्पना मांडली. वापरणाऱ्याच्या कृती हीसुद्धा एक भाषाच आहे, तेव्हा तिचं व्याकरण लिहून काढावं. जितके जास्त नियम लागतील तितकं शिकणं जड. चित्रं काढण्याच्या दोन प्रणाली घेऊन त्यांनी कोणत्या जागी लोक अडखळतील ते व्याकरणावरून आधी सांगितलं आणि मग प्रत्यक्ष लोकांवर तपासून पाहिलं. पण नुसती मोजणी पुरत नाही. एकमेकांसारखे चार नियम आणि एकमेकांशी काहीच नातं नसलेले चार नियम, दोन्हींची संख्या चारच. मनाला मात्र पहिले चार हा एकच नियम वाटतो.

ही उणीव ब्रिटनमधल्या स्टीफन पेन आणि टी. आर. जी. ग्रीन या दोघांनी धरली. १९८३ पासून त्यांनी हा विचार मांडला आणि १९८६ मध्ये त्याला ‘टास्क-ॲक्शन ग्रामर’ या नावाने पूर्ण रूप दिलं. त्यांचं म्हणणं असं की माणूस नियम साठवत नाही, नियमांचा साचा साठवतो. आणि हा साचा कमांडच्या अक्षरांना जोडलेला नसतो. तो कामाच्या अर्थाला जोडलेला असतो. ‘दिशा’, ‘किती’, ‘कशाचं’ असे कामाचे पैलू माणसाच्या मनात आधीच असतात. कमांडची रचना त्या पैलूंच्या मागोमाग चालली की ती सुसंगत वाटते.

हे वाचून सोडून देण्यासारखं नाही, करून पाहण्यासारखं आहे. म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कले इथे घडवलेला ‘व्हीआय’ हा एडिटर. आज त्याचा वारस ‘व्हिम’ जवळजवळ प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर सापडतो. तुम्ही तो कधी उघडला नसेल तरी चालेल.

त्यात ‘डी’ म्हणजे पुसणे. ‘डब्ल्यू’ म्हणजे एक शब्दभर. ‘डी’नंतर ‘डब्ल्यू’ दाबलं की एक शब्द पुसला जातो. ‘सी’ म्हणजे बदलणे, ‘वाय’ म्हणजे नक्कल उचलणे. आता एक शब्द बदलायचा असेल तर? मी सांगत नाही, तुम्ही मनात म्हणा. आणि डॉलरचं चिन्ह म्हणजे ओळीच्या शेवटापर्यंत, एवढं कळलं तर ओळीच्या शेवटापर्यंत नक्कल कशी उचलाल? तेही तुम्हाला जमलं. तीन क्रियापदं आणि दोन अंतरं, अशी पाच अक्षरं तुम्ही शिकलात आणि सहा कमांड तुमच्या झाल्या. उद्या ‘परिच्छेदभर’ यासाठीचं एकच चिन्ह शिकलात तर आणखी तीन कमांड फुकट मिळतील. काय करायचं आणि किती, या दोन पैलूंना दोन वेगळ्या जागा आहेत. पेन आणि ग्रीन ज्या साच्याबद्दल बोलतात, तो हाच. तुमच्या मनात तो आत्ताच तयार झाला आहे.

आता पुढे. ‘डी’ दोनदा दाबलं की पूर्ण ओळ पुसली जाते. ‘सी’ दोनदा, पूर्ण ओळ बदलते. ‘वाय’ दोनदा, पूर्ण ओळीची नक्कल. छान. कॅपिटल ‘डी’ म्हणजे ओळीच्या शेवटापर्यंत पुसणे. कॅपिटल ‘सी’ म्हणजे ओळीच्या शेवटापर्यंत बदलणे. कॅपिटल ‘वाय’?

तुमचं उत्तर तयार आहे, आणि ते चूक आहे. कॅपिटल ‘वाय’ पूर्ण ओळ उचलतो. हा साचा व्हीआयमध्ये मोडलेला होता आणि तसाच पुढे चालत राहिला. व्हिमची स्वतःची मदतपुस्तिका मान्य करते की दुसरा अर्थ अधिक तर्काला धरून आहे, पण जुन्याशी जुळवून घेण्यासाठी तो मूळ अर्थच ठेवला आहे. निओव्हिम या नव्या आवृत्तीने २०२१ मध्ये धीर करून तो बदलला. तुम्ही दोन मिनिटांपूर्वी या भाषेत पाऊल टाकलंत आणि तिच्या घडणीतला दोष तुमच्या मनाला लगेच लागला. तुमची चूक तुमच्या समजेतूनच निघाली. ज्याला काहीच कळलं नाही त्याच्याकडून ही चूक होणार नाही.

मी हे पुन्हा सांगतो, कारण संगणक शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी ते मनात पक्कं धरावं अशी माझी तळमळ आहे. कमांड चुकली की शिकणारा स्वतःला दोष देतो: माझं पाठांतर कच्चं आहे, मला हे जमत नाही. पण कित्येक वेळा ती चूक म्हणजे त्याने बरोबर काढलेल्या नियमाचा पुरावा असते.

युनिक्स या संगणक-प्रणालीच्या जगात असे पुरावे जागोजागी मिळतात. ‘आरएम’ला ‘मायनस आर’ लावलं की आतल्या सगळ्या फोल्डरांसकट पुसलं जातं. ‘सीपी’ला ‘मायनस आर’ लावलं की आतल्या सगळ्यासकट नक्कल होते. ‘ग्रेप’ला ‘मायनस आर’, आतल्या सगळ्यात शोध. आता एका फोल्डरमधल्या सगळ्या फाईलींच्या परवानग्या बदलायच्या आहेत. ‘सीएचमॉड’ला काय लावाल? हात ‘मायनस आर’कडेच जातो. पण ‘सीएचमॉड’च्या भाषेत ‘आर’ म्हणजे वाचण्याची परवानगी आणि ‘मायनस’ म्हणजे काढून घेणे. आतल्या सगळ्याला लावायचं तर तिथे कॅपिटल ‘आर’ हवा. म्हणजे ज्याने तीन कमांड मन लावून शिकल्या, त्याच्या हातून चौथीत त्या फोल्डरचीच वाचण्याची परवानगी निघून जाते. चिन्हं तीच आहेत, पण अर्थ भलताच.

दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या ‘एसएसएच’मध्ये पोर्ट सांगायला लहान ‘पी’, तर तिच्या जोडीच्या, फाईली पाठवणाऱ्या ‘एससीपी’मध्ये कॅपिटल ‘पी’, कारण लहान ‘पी’ फाईलीच्या वेळा आणि परवानग्या जपण्यासाठी आधीच दिलेला होता. कारण समजतं, पण कमांड देणाऱ्याला ते कारण दिसत नसतं. डोनाल्ड नॉर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये ‘डेटामेशन’ मासिकात युनिक्सवर कडक टीका केली, तिच्या मुळाशी हेच होतं. आतली रचना सुरेख आहे, पण माणसाशी बोलण्याची तिची रीत ओबडधोबड आणि विसंगत आहे, असा त्यांचा सूर होता. पुढे युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या १९९२ च्या पॉझिक्स मानकात कमांड कशा लिहाव्यात याची मार्गदर्शक सूत्रं आली, तरी ‘डीडी’सारख्या जुन्या कमांडना त्यातून सूट द्यावी लागली. ‘डीडी’चं ‘आयएफ बरोबर’, ‘ओएफ बरोबर’ असं लिहिणं युनिक्सच्या कशाशीच जुळत नाही. ते आयबीएमच्या मोठ्या संगणकांवरच्या जेसीएल भाषेची आठवण देतं. तिथून आलेल्याला कदाचित तेवढंच ओळखीचं वाटलं असेल.

आता थोडं अवघड ठिकाणी जाऊ. ‘सीपी’ लिहिताना आधी मूळ फाईल, मग नक्कल. ‘एमव्ही’ लिहिताना आधी जुनं नाव, मग नवं. ‘एलएन’ने लिंक करताना आधी कोणती लिहाल, मूळ फाईल की लिंक?

या जागी वर्षानुवर्षं काम करणारेही थबकतात. नियम सरळ आहे: जे आहे ते आधी, जे व्हायचं आहे ते नंतर. ‘एलएन’ही तो तंतोतंत पाळते. मग गोंधळ का? आता मनात लिंकचं चित्र आणा. बहुतेकांना ती एका बाणासारखी दिसते: हे नाव त्या फाईलीकडे बोट दाखवतं. बाण जिथून निघतो ते आधी, जिथे पोचतो ते नंतर. ‘कुठून कुठे’ हाच नियम ‘सीपी’वरूनही काढता येतो, आणि त्या नियमाने पाहिलं तर ‘एलएन’ची मांडणी उलटी आहे. त्याच दोन उदाहरणांतून दोन नियम निघतात, दोन्ही खरे, आणि तिसऱ्या ठिकाणी ते एकमेकांना छेद देतात. तुमच्या मनाने कोणता धरला हे तुम्ही त्या कामाकडे कसं पाहता यावर ठरतं. कमांड लिहिणाऱ्याने पूर्ण प्रामाणिकपणे सुसंगती राखली तरी वापरणाऱ्याला ती विसंगत भासू शकते. कागदावर दोघांचं भांडणच नाही.

इथे मला जोनाथन ग्रुडिन यांचा १९८९ चा लेख आठवतो. सुसंगतीच्या आग्रहाविरुद्ध त्यांनी भूमिका घेतली आणि घरातल्या सुऱ्यांचा दाखला दिला. जेवणाच्या टेबलावरची सुरी, पाहुण्यांसाठीची चांदीची सुरी, लांबी भरायची पाती, सहलीचा चाकू, या सगळ्या ‘सुऱ्या’ म्हणून कोणी एका खणात ठेवत नाही. जी जिथे लागते तिथे ती असते. ग्रुडिन यांचं म्हणणं मला पटतं, पण त्याने सुसंगती निकालात निघत नाही. सुऱ्या कामाप्रमाणे ठेवल्या तरी घरच्यांना त्या न विचारता सापडतातच. म्हणजे नियम आहे. फक्त तो वस्तूच्या आकाराचा नाही, कामाचा आहे.

आपल्यासाठी यात आणखी एक पदर आहे. या कमांड इंग्रजी शब्दांच्या आहेत. ‘ॲडव्हान्स’च्या समोर ‘रिट्रीट’ आपोआप सुचण्यासाठी ती जोडी आधीपासून कानात असावी लागते. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला ती सुचली नाही, तर शब्दांतून मिळणारी मदत त्याच्यापर्यंत पोचतच नाही. शब्दांचं वजन मोठं आहे हे खरंच. लेजर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये एकाच ताकदीचे दोन एडिटर लोकांना दिले, एक चिन्हांचा आणि एक साध्या इंग्रजी वाक्यांसारखा. दुसऱ्यावर लोकांचं काम पुष्कळ चांगलं झालं. पण ती त्यांची वापरातली भाषा होती.

मग ज्याला ती भाषा परकी आहे त्याने कशाचा आधार घ्यावा? केंब्रिजमध्ये फिल बर्नार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येक कमांडला दोन गोष्टी द्यायच्या, त्यातली एक सगळ्या कमांडमध्ये सामाईक. काही जणांसाठी ती सामाईक गोष्ट नेहमी ठरलेल्या जागी ठेवली. इतरांसाठी इंग्रजी वाक्यात कर्म जिथे येतं त्याप्रमाणे क्रम ठेवला, त्यामुळे तिची जागा बदलत राहिली. इंग्रजी वाक्यासारखा क्रम म्हणजे नैसर्गिक, तोच जिंकेल असं वाटेल. पण लाभ झाला तो जागा न बदलण्याचा. हे वाचून मला मराठी विद्यार्थ्यासाठी फार हायसं वाटतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि कमांडमध्ये सुरुवातीला. पण तो उलटा क्रम मन पटकन मान्य करतं, जर तो कधीही बदलणार नसेल. शब्द परके असले तरी जागांचा नियम कोणत्याही मातृभाषेतून आलेल्याला सारखाच खुला असतो.

जागांचा आणि क्रियापदांचा नियम जाणून-बुजून पाळला तर काय होतं, हे पॉवरशेल या कमांड-भाषेत दिसतं. जेफ्री स्नोव्हर यांनी २००२ मध्ये त्याचा आराखडा मांडला आणि २००६ मध्ये ते मायक्रोसॉफ्टने आणलं. त्यात प्रत्येक कमांड आधी क्रियापद, मग नाम: ‘गेट-प्रोसेस’, ‘स्टॉप-प्रोसेस’, ‘गेट-सर्व्हिस’. सर्व्हिस थांबवायची कशी, हे तुम्ही सांगितलंतच. मान्य क्रियापदांची यादी ठरलेली आहे आणि त्याबाहेरचं क्रियापद वापरलं तर प्रणाली इशारा देते. कमांड लांबतात, टाईप करायला वेळ लागतो, त्याची तक्रार खरी आहे. तरी नव्या माणसासाठी ती किंमत मला योग्य वाटते.

शेवटचा एक प्रयोग, आणि हा जरा सावकाश करा. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेलं ‘गिट’ हे प्रोग्रामच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन आज आपल्याकडे पुण्यापासून पणजीपर्यंत जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामरच्या हाताखाली आहे. त्यात ‘गिट ब्रँच’ नुसतं लिहिलं की ब्रँचची यादी येते. ‘गिट टॅग’, टॅगची यादी. ‘गिट रिमोट’, रिमोटची यादी. काही बदलत नाही, काही बिघडत नाही. विचारायचं आणि पाहायचं. आता ‘गिट स्टॅश’मध्ये काय काय ठेवलं आहे ते तुम्हाला पाहायचं आहे. तुम्ही काय लिहाल?

नुसतं ‘गिट स्टॅश’ यादी दाखवत नाही. ते तुमचे चालू बदल उचलून बाजूला ठेवतं आणि समोरच्या फाईली आधीच्या स्थितीत जातात. ‘गिट स्टॅश पॉप’ने काम परत येतं, काही नष्ट होत नाही. पण ज्याला ते माहीत नाही त्याच्या छातीत त्या क्षणी काय होतं, याचा विचार करा. नियम मोडल्याने कमांड चालली नसती तर फार बिघडत नव्हतं. इथे ती चालली, आणि तिने दुसरंच काम केलं. मला वाटतं, विसंगतीच्या सगळ्या प्रकारांत हा सर्वांत वाईट. गिट घडवणाऱ्यांना अशा जागा दिसत नाहीत असं नाही. एकट्या ‘चेकआउट’वर लादलेली वेगवेगळी कामं ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ या दोन नव्या कमांडमध्ये २०१९ साली वाटली गेली. जुनी कमांडही चालू ठेवावी लागली, कारण लाखो लोकांचे हात तिला सरावलेले होते.

तुम्ही कमांड वापरणारेच असाल असं नाही, तुम्ही त्या लिहीतही असाल. ऑफिसातली एखादी स्क्रिप्ट, कॉलेजच्या प्रकल्पातलं टूल, चार-पाच सबकमांडचं काहीतरी. ती लोकांच्या हाती देण्याआधी एक करा. ज्याने ती पाहिलेली नाही अशा एका सहकाऱ्याला जवळ बसवा. तीन कमांड दाखवा, चौथं काम तोंडी सांगा, आणि त्याची कमांड काय असेल ते त्यालाच लिहू द्या. मध्ये बोलू नका, दुरुस्त करू नका. त्याने जे लिहिलं ते नाव मोकळं असेल तर तुमच्या चौथ्या कमांडला तेच नाव द्या.